अर्थ फॉल्ट संरक्षणाचा ताळमेळ: खान्देशातल्या कारखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव एमआयडीसी, भुसावळ, धुळ्याचं अवधान, नरडाणा, शिरपूर, नवापूर. कुठे पाइप बनतात, कुठे डाळ, कुठे सूत, कुठे साखर. पण विद्युत विभागात बसलेल्या माणसांचे प्रश्न बहुतेक सगळीकडे तेच असतात. त्यातले अर्थ फॉल्टचे, म्हणजे वीजवाहक तार जमिनीला किंवा यंत्राच्या बॉडीला टेकण्याचे, प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतले आकडे समजावण्यासाठी आहेत. तुमच्या रिलेत (करंट पाहून ब्रेकरला उघडायला सांगणाऱ्या उपकरणात) भरायचे आकडे तुमच्याच सिंगल लाइन डायग्रामवरून, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) रेशोवरून आणि केबलच्या लांबीवरून काढावे लागतात.

एका मोटरच्या केबलला अर्थ लागतो आणि अख्खी शेड अंधारात जाते. असं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा. नेहमीची मांडणी घेऊ. २००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४३३ व्होल्ट, खाली ३२०० अँपिअरचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर). एसीबीच्या रिलीजमध्ये (ट्रिपचा हुकूम देणाऱ्या भागात) ग्राउंड फॉल्ट, म्हणजे अर्थ फॉल्टच, २० टक्क्यांवर, म्हणजे ६४० अँपिअरवर ठेवलेला, वेळ ०.१ सेकंद. खाली एका फीडरला २५० अँपिअरचा एमसीसीबी (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर). त्याचं मॅग्नेटिक (झटक्यात उघडवणारा भाग) २५०० अँपिअरला उचलतं आणि ग्राउंड फॉल्टची वेगळी सोय त्यात नाही. शेडच्या टोकाला केबल चिरडली आणि १५०० अँपिअरचा फॉल्ट झाला. एमसीसीबीचं मॅग्नेटिक हललंही नाही, कारण करंट कमी. थर्मलला (तापून उघडवणाऱ्या भागाला) त्या करंटला काही सेकंद लागणार. एसीबीला मात्र ०.१ सेकंदच थांबायचं होतं. तो गेला आणि सगळं बंद.

दोन्ही ब्रेकरांनी त्यांना सांगितलेलं काम चोख केलं. सेटिंग देणाऱ्याने दोघांचा मेळ घातला नव्हता, एवढंच. उपाय खालून वर करायचा असतो. मोठ्या आउटगोइंग फीडरांना ग्राउंड फॉल्टची सोय द्या: एमसीसीबीतच मिळत असेल तर तीच, नाहीतर सीबीसीटी (अख्ख्या केबलभोवती बसणारा एकच सीटी), अर्थ लीकेज रिले आणि शंट ट्रिप (ब्रेकर उघडणारी कॉइल). तिथे करंट कमी आणि वेळ ०.१ सेकंद ठेवा. मग एसीबीची वेळ ०.३ ते ०.४ सेकंदांवर नेता येते. खालचा ब्रेकर वरच्याला तारेने ‘फॉल्ट माझ्याकडे आहे, तू थांब’ असं कळवतो, ती झोन इंटरलॉकची सोय तुमच्या रिलीजमध्ये असेल तर ती नक्की वापरा. बसबारवरच फॉल्ट झाला तर खालून कोणी काही कळवत नाही आणि एसीबी न थांबता उघडतो. पॅनेल घेताना बहुतेकांनी या सोयीचे पैसे मोजलेले असतात, फक्त तारा जोडलेल्या नसतात.

मग इनकमरचा (मुख्य एसीबीचा) ग्राउंड फॉल्ट बंदच करून टाकला तर? ओव्हरकरंट आहेच की.

नका करू. सीझन ऐन भरात असताना उत्पादनवाले मागे लागतात आणि तो स्विच ‘ऑफ’ला जातो, हे मला माहीत आहे. पण त्यातून काय होतं ते आकड्यांत पाहा.

४३३ व्होल्टच्या बसबारवर ठिणगी धरणारा अर्थ फॉल्ट झाला तर त्याचा करंट पूर्ण शॉर्ट सर्किटइतका नसतो. या ट्रान्सफॉर्मरवर ठोस फॉल्टला ४० हजार अँपिअरच्या आसपास करंट मिळेल, पण आर्कमधला करंट त्याच्या कितीतरी खाली असू शकतो. समजा तो ८ हजार अँपिअर आहे. ११ केव्हीच्या बाजूला तो किती दिसेल? ८००० गुणिले ४३३ भागिले ११०००, आणि वाइंडिंगच्या डेल्टा-स्टार जोडणीमुळे आणखी ०.५८. हाती येतात सुमारे १८० अँपिअर, तेही दोनच फेजमध्ये. ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार १०५ अँपिअर. एचटी (११ केव्ही बाजूच्या) ओव्हरकरंटचं पिकअप (रिले उचलण्याचा करंट) १२५ आणि टाइम मल्टिप्लायर (वेळेचा गुणक) ०.२ असेल तर नॉर्मल इन्व्हर्स (करंट वाढला की वेळ कमी होणाऱ्या) वक्रावर त्याला साडेतीन ते चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तांब्याचं बसबार वितळून पॅनेलचं दार फेकलं जाऊ शकतं. दारासमोर माणूस उभा असू शकतो.

एलटीचा (४३३ व्होल्ट बाजूचा) अर्थ फॉल्ट एचटीच्या अर्थ फॉल्ट रिलेला दिसत नाही का?

डीवायएन-११ (एचटीला डेल्टा, एलटीला न्यूट्रलसह स्टार) ट्रान्सफॉर्मर असेल तर नाही. एलटीच्या न्यूट्रलमधून वाहणारा झिरो सिक्वेन्स (तिन्ही फेजचा सारखा) करंट डेल्टात फिरतो, एचटीच्या लाइनमध्ये येत नाही. याचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला फायद्याचा. एचटीच्या अर्थ फॉल्ट रिलेला एलटीशी वेळेचा मेळ घालावाच लागत नाही. त्याची वेळ ०.०५ ते ०.१ सेकंद ठेवली तरी चालतं, कारण त्याला फक्त एचटी केबल आणि ट्रान्सफॉर्मरचं डेल्टा वाइंडिंग सांभाळायचं आहे. तरीही अनेक कारखान्यांत तिथे अर्धा-पाऊण सेकंद घातलेला सापडतो आणि त्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा धोक्याचा. ट्रान्सफॉर्मरचं एलटी वाइंडिंग आणि एसीबी यांच्यामधला पट्टा उघडा पडतो. तिथल्या फॉल्टला एसीबी उघडूनही उपयोग नाही, कारण फॉल्ट त्याच्या वर आहे. म्हणून न्यूट्रलवर वेगळा सीटी घालून स्टँडबाय अर्थ फॉल्ट रिले बसवायचा आणि त्याची ट्रिप एचटी ब्रेकरवर न्यायची. फक्त एसीबीवर नेलेली स्टँडबाय ट्रिप पाहिली की मी काम तिथेच थांबवून आधी ती वायर दुरुस्त करायला सांगतो.

आणि रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट?

मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर जरूर हवा. तो आपल्या सीटींच्या आतलाच फॉल्ट पाहतो, म्हणून त्याला कुणासाठी थांबावं लागत नाही. हाय इम्पीडन्स पद्धतीत फेजचे आणि न्यूट्रलचा असे सगळे सीटी एकाच रेशोचे, पीएस (खास संरक्षणासाठीच्या) वर्गाचे हवेत. स्टॅबिलायझिंग रेझिस्टन्स मोजूनच बसवायचा. न्यूट्रल सीटीची पोलॅरिटी उलटी राहिली तर बाहेरच्या प्रत्येक अर्थ फॉल्टला तो नाहक ट्रिप देतो, आणि मग वैतागून कोणीतरी त्याची लिंक काढून ठेवतो. प्रायमरी इंजेक्शनशिवाय (सीटीतून खरा करंट सोडून केलेल्या चाचणीशिवाय) तो चालू करू नका.

आमच्याकडे ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मरला एनजीआर (न्यूट्रल आणि अर्थ यांमधला रेझिस्टर) आहे. तिथे वेळेच्या पायऱ्या कशा लावायच्या?

१० एमव्हीएचा डीवायएन-११ ट्रान्सफॉर्मर घेऊ. न्यूट्रलवर ४०० अँपिअर, १० सेकंदांचा एनजीआर. ११ केव्हीचा फेज व्होल्टेज ६३५१ व्होल्ट, म्हणजे रेझिस्टन्स १६ ओहमच्या आसपास.

आता ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार पाहा: ५२५ अँपिअर. फॉल्टचा करंट त्याहून कमी आहे! इनकमरच्या ओव्हरकरंट रिलेला हा फॉल्ट म्हणजे थोडा वाढलेला भार. ३३ केव्हीच्या बाजूला तर तो ७५ ते ८० अँपिअरच दिसतो, जिथे पूर्ण भारच १७५ आहे. म्हणजे अशा व्यवस्थेत अर्थ फॉल्ट रिले हा एकटाच पाहणारा आहे. तो झोपला तर मागे कोणी नाही, आणि १० सेकंदांनंतर एनजीआर जळायला लागतो.

दुसरी गोष्ट. केबल पॅनेलजवळ फुटो की किलोमीटरभर दूर, करंट जवळपास ४०० च राहतो, कारण १६ ओहमपुढे केबलचा इम्पीडन्स नगण्य. करंटच बदलत नसेल तर इन्व्हर्स वक्राचा फायदा उरत नाही. इथे सरळ डेफिनिट टाइम (करंट कितीही असो, ठरलेली वेळ) वापरा. मोटर आणि ट्रान्सफॉर्मर फीडरला ०.१ सेकंद, दुसऱ्या सबस्टेशनला जाणाऱ्या फीडरला ०.४, इनकमरला ०.७, न्यूट्रलवरच्या स्टँडबायला १.० सेकंद आणि तो ३३ केव्हीचा ब्रेकर उघडणार. पिकअप सीबीसीटीवर २० ते ४० अँपिअर, वर जाताना थोडं थोडं वाढवत. शेवटची पायरी १० सेकंदांच्या कितीतरी आत बसली.

दोन पायऱ्यांमधले ०.३ सेकंद कुठून आले? खालच्या ब्रेकरचे उघडण्या-विझण्याचे ६० ते १०० मिलिसेकंद, दोन्ही रिलेंच्या वेळेतली चूक, वरच्या रिलेला मागे फिरायला लागणारा अवधी, आणि थोडी सुरक्षित जागा. न्यूमेरिकल (डिजिटल) रिलेंमध्ये ०.२५ पर्यंत उतरता येतं. जुने चकतीचे रिले असतील तर ०.४ ठेवा, कारण करंट थांबल्यावरही चकती थोडी पुढे सरकते.

दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवत असाल तर फॉल्टचा करंट ८०० होतो, पण प्रत्येक न्यूट्रलमधून ४०० च जातो. बस कपलर आधी उघडेल, मग इनकमर, असा क्रम लावावा लागतो आणि त्यासाठी एक पायरी वाढते.

एनजीआर आतून तुटला तर कळतं कसं?

बहुतेक ठिकाणी कळतच नाही, हीच अडचण आहे. तुटलेल्या एनजीआरमुळे व्यवस्था अनअर्थ्ड होते. अर्थ लागला तर न्यूट्रलमधून काहीच वाहत नाही आणि तिथला रिले गप्प बसतो. निरोगी फेजचा जमिनीशी व्होल्टेज १.७३ पट होतो. आर्क पेटत-विझत राहिला तर व्होल्टेज त्याच्याही बराच वर जाऊन दुसऱ्याच मोटरचं इन्शुलेशन फोडतो. म्हणून बसच्या पीटीवर (व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) ओपन डेल्टा (तिन्ही फेज व्होल्टेजची बेरीज देणारी जोडणी) घेऊन न्यूट्रल डिस्प्लेसमेंटचा अलार्म द्या, आणि दर शटडाउनला एनजीआरचा ओहम मोजून लिहून ठेवा. ज्या टबात तो बसतो त्यात धूळ, कापसाचे तंतू, पाली, घरटी सगळं सापडतं. जिनिंगवाल्यांनी तर हंगाम संपल्यावर तो उघडायलाच हवा.

सीबीसीटी टेस्टमध्ये चालतो, खऱ्या फॉल्टला का चालला नाही?

आर्मर, म्हणजे केबलवरचं धातूचं चिलखत, पाहा. सीबीसीटीतून केबल आर्मरसकट गेली असेल आणि ग्लँड (केबल पॅनेलला धरणारा भाग) त्याच्या पुढे, पॅनेलच्या बाजूला अर्थ केलेलं असेल, तर फॉल्टचा करंट कोअरमधून जातो आणि त्यातला मोठा भाग आर्मरमधून त्याच सीबीसीटीतून परत येतो. दोन्ही एकमेकांना खोडतात. रिलेला काही दिसत नाही. अशा वेळी आर्मरची आणि स्क्रीनची अर्थ वायर सीबीसीटीतून पुन्हा उलट खाली आणून मग अर्थ करायची. ती वायर इन्शुलेटेड हवी आणि वाटेत कुठे बॉडीला टेकता कामा नये. ग्लँड सीबीसीटीच्या आधीच अर्थ होत असेल आणि सीबीसीटीतून नुसते कोअर जात असतील, तर वायर परत फिरवायची गरज नाही. फिरवली तर उलटा घोटाळा होतो.

टेस्टमध्ये हे सापडत नाही, कारण टेस्टिंगवाले सीबीसीटीतून एक सुटी वायर घालून करंट सोडतात. त्याने सीटी आणि रिले तपासला जातो, आर्मरची वाट नाही. तपासणीच्या कागदावर ‘आर्मर अर्थ वायरची दिशा पाहिली’ अशी वेगळी ओळ ठेवा.

मोठी मोटर सुरू करताना अर्थ फॉल्टवर ट्रिप होते. मोटर तर चांगली आहे.

तीन सीटींची बेरीज घेऊन अर्थ फॉल्ट मोजत असाल तर स्टार्टिंगच्या करंटला तिन्ही सीटी सारखे सॅच्युरेट होत नाहीत आणि नसलेला अर्थ करंट दिसतो. सीबीसीटी बसवा. जागाच नसेल तर रिलेच्या वाटेत स्टॅबिलायझिंग रेझिस्टन्स घाला, किंवा वेळ थोडी वाढवा. पिकअप वाढवणं हा सगळ्यात शेवटचा मार्ग.

डीजी (डिझेल जनरेटर) चालू असताना अकारण ट्रिप होतं, महावितरणवर असताना नाही. काय शोधायचं?

न्यूट्रल कुठे कुठे अर्थ झाला आहे ते शोधायचं. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिकडे अर्थ, डीजीचा न्यूट्रल इकडे अर्थ, आणि मध्ये तीन पोलचा चेंजओव्हर. मग दोन्ही न्यूट्रल कायमचे जोडलेले राहतात. असमान भाराचा न्यूट्रल करंट अर्धा न्यूट्रल बसमधून आणि अर्धा अर्थच्या पट्टीतून परत जातो. एसीबीच्या रिलीजला ती बेरीज शून्य येत नाही आणि तो ट्रिप देतो.

याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. खरा फॉल्ट होतो तेव्हा त्याच्या करंटचा काही भाग न्यूट्रलमधून सीटीतून परत येतो आणि वजा होतो. म्हणजे जी व्यवस्था विनाकारण ट्रिप होते तीच कारण असताना आंधळी होऊ शकते. अशा वेळी सेटिंग वाढवलं तर अकारण ट्रिप थांबेल, पण आंधळेपणा वाढेल.

उपाय चार पोलचा चेंजओव्हर, किंवा मेन एलटी पॅनेलमध्ये न्यूट्रल-अर्थची एकच लिंक. डीजी एकमेकांशी सिंक्रोनाइज करत असाल तर एका वेळी एकाच डीजीचा न्यूट्रल अर्थ राहील असा न्यूट्रल कॉन्टॅक्टर लावा, नाहीतर तिसऱ्या हार्मोनिकचा करंट न्यूट्रलांमधून फिरत राहतो. मशीनच्या पॅनेलमध्ये वायरमनने न्यूट्रल थेट बॉडीला बांधलेला असतो, तोही शोधा. पूर्ण शटडाउन घ्या, मेन लिंक काढा आणि न्यूट्रल ते अर्थ मेगर (इन्शुलेशनची चाचणी) करा. फीडर एकेक करून सुटे केले की चोर सापडतो.

आमच्या अर्थ खड्ड्याचा रेझिस्टन्स एक ओहम आहे. मग रिले चालणारच ना?

नाही. २४० व्होल्ट भागिले १ ओहम म्हणजे २४० अँपिअर. वरच्या उदाहरणातला एसीबी ६४० ला उचलतो. मातीतून परत जाणाऱ्या करंटवर एलटीचा मोठा ब्रेकर चालत नाही. फॉल्टचा करंट मोटरच्या बॉडीपासून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत धातूच्या पट्टीतूनच जायला हवा. ती पट्टी अखंड आहे का, जोड गंजले आहेत का, हे तपासण्यात घालवलेला एक दिवस खड्ड्यात ओतलेल्या दहा पोती मिठापेक्षा मोलाचा. मिठाने तर जीआय पट्टीच खाल्ली जाते. बेंटोनाइटसारखी भर घाला.

खड्डे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. ३३ केव्हीच्या बाजूचा फॉल्ट मातीतूनच महावितरणच्या सबस्टेशनकडे परत जातो. वीज पडली तर तीही तिथेच उतरते. यार्डात पायाखाली किती व्होल्टेज तयार होतो तेही या खड्ड्यांवर आणि जाळीवर ठरतं.

आपल्याकडे प्रश्न काळ्या मातीचा आहे. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि तेव्हा मोजलेला आकडा सुंदर येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की हीच माती आकसते, भेगा पडतात, इलेक्ट्रोडपासून सुटते. धुळ्याकडे काही ठिकाणी थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो, तिथे खोल बोअर करून इलेक्ट्रोड सोडावा लागतो. मोजणी मेच्या शेवटी करा. आयएस ३०४३ मध्ये अर्थिंगची पद्धत सविस्तर दिली आहे. ऑगस्टचा आकडा फाइलला शोभतो, मेचा आकडा कामाला येतो.

अर्थ फॉल्ट रिले असताना माणसाला शॉक कसा बसतो?

कारण तो रिले शेकडो अँपिअरसाठी आहे आणि माणसाच्या जिवाला काही डझन मिलिअँपिअर पुरतात. हातात धरायची यंत्रं, वेल्डिंगचे सॉकेट, धुलाईचे पंप, कँटीन यांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीच्या करंटवर उघडणारा ब्रेकर) वेगळा हवा. यात तडजोड नाही.

आमच्या फॉल्टने महावितरणचा ३३ केव्ही फीडर जातो आणि शेजारचे कारखाने आमच्यावर चिडतात.

त्यांच्या फीडरचा सीटी रेशो, पिकअप, वक्र, टाइम मल्टिप्लायर आणि इन्स्टंटेनियसचा आकडा लेखी मागा. मग तुमच्या ३३ केव्ही ब्रेकरचा वक्र त्याच कागदावर काढा. नॉर्मल इन्व्हर्समध्ये टाइम मल्टिप्लायर १ असताना पिकअपच्या दुप्पट करंटला १० सेकंद, पाचपटीला ४.२८ आणि दहापटीला २.९७ सेकंद लागतात. मल्टिप्लायरने गुणलं की झालं. तुमच्या ट्रान्सफॉर्मरची ३३ केव्ही बाजू डेल्टा असेल तर तुमचा अर्थ फॉल्ट रिले जलद ठेवायला काहीच अडचण नाही. फक्त ट्रान्सफॉर्मर चार्ज करतानाच्या इनरशला (क्षणभराच्या मोठ्या करंटला) तो उचलत नाही ना, ते पाहा. न्यूमेरिकल रिलेत सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग असतं.

बरेचदा दोष सेटिंगचा नसतोच. ब्रेकरची ट्रिप कॉइल किंवा बॅटरी मेलेली असते. रिले वेळेवर सांगतो, ब्रेकर उघडत नाही आणि फीडर जातो.

आमच्याकडे सहवीजनिर्मिती आहे, ३३ केव्हीवर वीज बाहेर देतो. काय वेगळं लागतं?

साखर कारखाने आणि साक्री तालुक्यासारख्या भागातले सौर प्रकल्प, दोघांनाही हे लागू आहे. लाइनवर एक फेज जमिनीला टेकली आणि पलीकडचा सबस्टेशनचा ब्रेकर उघडला, तर लाइनचा अर्थ सोर्सच निघून जातो. तुमची ३३ केव्ही बाजू डेल्टा असेल तर तुम्ही त्या लाइनला वीज देतच राहता. अर्थ करंट वाहत नाही, अर्थ फॉल्ट रिले शांत, आणि उरलेल्या दोन फेज जमिनीपेक्षा ३३ केव्हीवर. लाइन बंद आहे असं समजून लाइनमन खांबावर चढतो, ती हीच वेळ असते.

म्हणून ३३ केव्हीच्या पीटीवर न्यूट्रल व्होल्टेज डिस्प्लेसमेंटचा रिले हवाच. पीटी तीन सुटे किंवा पाच लिंबचा (कोअरला पाच पाय असलेला), प्रायमरीचा स्टार अर्थ केलेला, सेकंडरीला ओपन डेल्टा. तीन लिंबच्या पीटीत ही बेरीज मिळतच नाही. वेळ महावितरणच्या अर्थ फॉल्टपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे दुसऱ्या फीडरच्या फॉल्टला तुम्ही उगाच सुटणार नाही. आणि ट्रिप टेस्ट करताना ब्रेकर खरोखर उघडून पाहा, नुसता दिवा पाहून समाधान मानू नका.

फॉल्ट एका फीडरला, ट्रिप शेजारच्या चांगल्या फीडरला. असं होतं का?

होतं. लांब केबलींना स्वतःचा कपॅसिटिव्ह करंट असतो. ११ केव्हीच्या मोठ्या एक्सएलपीई केबलला अर्थ फॉल्टच्या वेळी किलोमीटरमागे ढोबळमानाने २ अँपिअर धरा. १० किलोमीटर केबलच्या निरोगी फीडरमधून २० अँपिअर उलट दिशेला वाहतील. तिथे सीबीसीटीचं पिकअप २० असेल तर तो सुटणारच. प्रत्येक फीडरचं पिकअप त्याच्या स्वतःच्या चार्जिंग करंटच्या वर ठेवा. ते जमत नसेल तर डायरेक्शनल (करंटची दिशा पाहणारा) अर्थ फॉल्ट घ्या.

सेटिंग कोणी बदलायचं, आणि किती दिवसांनी तपासायचं?

रिलेला पासवर्ड ठेवा आणि तो दोघांकडेच असू द्या. नवा ट्रान्सफॉर्मर, नवा डीजी, सोलर, बदललेला सीटी, यांपैकी काहीही आलं की ताळमेळ पुन्हा मांडायचा. एरवी वर्षातून एकदा सेकंडरी इंजेक्शन (थेट रिलेत करंट सोडून चाचणी) करा आणि त्यात ब्रेकर उघडेपर्यंतची पूर्ण वेळ मोजा. मंजूर सेटिंगचा कागद तारीख आणि सहीसकट पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा. ट्रिप झाल्यावर रिसेट करण्याआधी रिलेवरचा झेंडा, करंटचा आकडा आणि वेळ लिहून घ्या, न्यूमेरिकल रिले असेल तर इव्हेंट रेकॉर्ड उतरवून घ्या. रात्रपाळीच्या वायरमनलाही हे शिकवा, कारण ट्रिप बहुधा त्याच्याच पाळीत होते आणि घाईत रिसेट केलेला रिले पुढे काही सांगत नाही.